पुलावरचा राक्षस आणि माझे साडू

माझे साडू कुठलीही गोष्ट अर्धवट सोडत नाहीत, आणि त्यांचा हा दोष मी लग्न झाल्यापासून सोसतो आहे. ते घराला रंग द्यायला घेतात आणि घराला रंग देऊन होतो. ते सकाळी फिरायला जायचं ठरवतात आणि खरोखर जातात. ते आमच्याकडे आले की माझी बायको आधी त्यांच्या पोटाकडे बघते आणि मग माझ्या. बोलत काही नाही, पण मी विमा कचेरीत दावे तपासतो. लोक जे बोलत नाहीत ते ओळखण्याचाच मला पगार मिळतो.

त्या रविवारी ते आणि ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्याकडे जेवायला आले होते. भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. ते मी बघणारच होतो. पण साडूंना बंद घड्याळाखाली बसून जेवण जाईना. त्यांनी स्वतःच उठून सेल शोधायला खण उघडला. पाहुण्याने दुसऱ्याच्या घरचा खण उघडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सेल मिळाला नाही. मिळाली एक जुनी सीडी.

"अरेच्चा! टोपीवाला!" साडू म्हणाले.

टोपीवाला म्हणजे आमच्या पहिल्यावहिल्या कॉम्प्युटरबरोबर आलेला खेळ. मूळ नाव इंग्रजीत चांगलं लांबलचक होतं, पण घरात कुणी ते घेत नसे. एका जादूगाराकडे एक भांडी घासणारा गडी असतो, डोक्यावर त्याच्याहून उंच टोकदार टोपी. जादूगार स्वतःच्याच मंत्राने दूरच्या मनोऱ्यात गाढ झोपी जातो आणि गड्याने जाऊन त्याला उठवायचं असतं. मारामारी नाही, धावपळ नाही. माउसचा बाण चित्रावरून फिरवायचा, दिसेल त्यावर टिचकी मारायची, मिळेल ते थैलीत कोंबायचं आणि कुठली वस्तू कुठे लागू पडते यावर डोकं खाजवत बसायचं. मी लग्नानंतर त्यात बरीच मजल मारली होती. पुलापर्यंत.

पूल म्हणजे खरं तर दगडी बोगदाच. आत काळोख, आणि काळोखात एका राक्षसाचे नुसते दोन डोळे. त्याला काहीही द्या, तो एकच वाक्य म्हणायचा, "यातलं मला काही नको." त्या वाक्यापुढे मी हात टेकले होते. वास्तविक हेच वाक्य मी कचेरीत दिवसभर लोकांना ऐकवतो, पण ते आपल्याला कुणी ऐकवलं की कसं लागतं ते मला त्या राक्षसाने शिकवलं.

"हा मी संपवला होता," सीडी खणात परत ठेवत साडू म्हणाले. "तुमच्याकडूनच नेली होती की नाही मध्ये? तेव्हाच."

"खरंच, भाऊजी?" बायको म्हणाली.

आता हे दोन शब्द कागदावर काहीच वाटत नाहीत. ते म्हणताना तिच्या हातातला पाण्याचा तांब्या मध्येच थांबला, भुवया वर गेल्या आणि डोळ्यांत जे काही चमकलं, ते माझ्या वाट्याला संसारात कधी आलं नव्हतं. मला बढती मिळाली तेव्हा ती "बरं झालं" म्हणाली होती. माझं जेवणावरचं लक्ष उडालं. साडू मात्र दुसऱ्यांदा भात घेत होते.

त्याच क्षणी मी मनाशी ठरवलं. पुढच्या महिन्यात साडूंच्या घरी त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाचं जेवण होतं. त्याच्या आत मी टोपीवाला संपवणार, आणि भर पंगतीत, सहज विषय निघाल्यासारखा, ते सांगणार. मला बक्षीस नको होतं. बायकोने एकदा, फक्त एकदा, माझ्याकडे तसं बघावं एवढंच हवं होतं.

हल्लीच्या कॉम्प्युटरला सीडी घालायला तोंडच नसतं हे मला कचेरीतल्या कॉम्प्युटरवाल्याने सांगितलं. "उत्तरं इंटरनेटवर आहेत, दोन मिनिटांत वाचून टाका," असंही म्हणाला. मी त्याला म्हटलं, माझ्या साडूंनी वाचून केलेलं नाही. यावर तो माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत राहिला आणि मग त्याला एकदम दुसऱ्या टेबलावर काम निघालं.

राहता राहिला आमचा जुना कॉम्प्युटर. तो माळ्यावर होता, कारण आमच्याकडे बिघडलेली वस्तू टाकत नाहीत, वर ठेवतात. मी शिडी लावली. शिडी लावल्याचा आवाज आमच्या मजल्यावर एकाच माणसाला ऐकू येतो, ते म्हणजे समोरचे काका. ते बॉयलर इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेत आणि जगातली प्रत्येक वस्तू केव्हातरी फुटणार या एका विचारावर त्यांचं म्हातारपण उभं आहे.

"सुरू करणार आहात हा?" खालून शिडी धरण्याऐवजी हाताची घडी घालून काका म्हणाले. "फुटेल."

"काका, तो कॉम्प्युटर आहे."

"आतमध्ये हवा कोंडलेली असते. किती वर्षांची हवा आहे ती, सांगता का?"

मॉनिटर खाली आणताना माझी कंबर लचकली, माळ्याच्या दाराची बिजागरी निघाली आणि शिडीचा पाय काकांच्या चपलेवर पडला. "बघा," काका म्हणाले, जणू फुटण्याची ही पहिली पायरी होती.

बायकोला मी सांगितलं की जुनं सामान विकायला काढतोय. ती इतकी खूश झाली की मला खोटं बोलल्याचं वाईट वाटलं. तिने आणखी बरंच सामान दाखवलं.

दुरुस्तीवाल्याने कॉम्प्युटर पाहून आधी हात जोडले. मग त्याने आपल्या भागीदाराला बोलावलं, भागीदाराने शेजारच्या झेरॉक्सवाल्याला, आणि तिघं फोटोसाठी मॉनिटरच्या मागे उभे राहिले. मला फोटो काढायला सांगितलं. "चालू होईल का?" असं मी पुन्हा पुन्हा विचारत राहिलो, तेव्हा तो म्हणाला, "चालू होऊन हा करणार काय?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते परक्या माणसाला सांगण्यासारखं नव्हतं. शेवटी आठवडाभर ठेवून त्याने तो चालू केला. उपकार केल्यासारखा चेहरा करून.

मी रिक्षातून कॉम्प्युटर घेऊन आमच्या इमारतीच्या फाटकाशी उतरलो आणि वॉचमनने हात आडवा केला.

झालं होतं असं, की मागे कुणीतरी जिन्यात मोडका फ्रिज आणून ठेवला होता. तेव्हापासून सोसायटीचा ठराव होता, जुनी विजेची वस्तू इमारतीत आणायची नाही. सेक्रेटरी म्हणजे तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. त्या दवाखान्यातून हातमोज्यांसकटच बाहेर आल्या.

"अहो मॅडम, हा आमचाच आहे. गेल्याच आठवड्यात बाहेर नेला."

"नेला ते फार चांगलं केलंत."

"म्हणजे तो आतलाच आहे ना!"

"होता," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "आता तो बाहेरचा आहे आणि आत येतोय. वस्तू आधी कुठे होती असं ठरावात कुठेच नाही. अर्ज द्या, पुढच्या मीटिंगला घेऊ."

पुढची मीटिंग साडूंच्या जेवणानंतर होती. मी पुष्कळ वाद घातला. बाई तोंड उघडलेल्या माणसाकडे बघण्यात मुरलेल्या. त्यांनी मला सगळं बोलू दिलं आणि दवाखान्यात निघून गेल्या. आत खुर्चीवर पेशंट तसाच आ करून बसला होता.

मग माझं लक्ष वॉचमनच्या खोलीकडे गेलं. खोली फाटकाला लागून होती, म्हणजे इमारतीच्या बाहेर. आत टेबल होतं, विजेचं बटण होतं. ठरावात खोलीबद्दल अवाक्षर नव्हतं. वॉचमन नाखुशीने तयार झाला, पण खुर्ची देणार नाही म्हणाला. म्हणून माझ्यासारखा वरिष्ठ सहायक उलट्या बादलीवर बसून, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांदेखत, राक्षसापुढे गयावया करू लागला.

रोज कचेरीतून आलो की मी घरी न जाता खोलीत शिरायचो. गुपित एक संध्याकाळसुद्धा टिकलं नाही. खोलीला तीन बाजूंनी खिडक्या. पहिल्या दिवशी नुसते डोकावून गेलेले लोक दुसऱ्या दिवशी थांबले, आणि त्यानंतर तर ते भाजीच्या पिशव्या खाली ठेवून थांबू लागले. माझ्या थैलीतली एकेक वस्तू सगळ्या इमारतीला पाठ झाली. दोरी, मोराचं पीस, मेलेला मासा, तुटका चमचा, शिंगाची पिपाणी, आणि म्हाताऱ्या चेटकिणीने दिलेली मेणबत्ती.

"मासा द्या त्याला," इन्स्पेक्टर काका म्हणाले.

"दिला."

"मग दोरीने बांधा. बोगद्यात दाब वाढतोय, मला इथून कळतंय."

डॉक्टरीणबाई दवाखाना बंद करून आल्या. त्यांनी राक्षसाच्या आवाजाचं निरीक्षण केलं. "हा दाताने त्रासलेला आहे. वरची दाढ. म्हणून असा तुसडा बोलतो. चमचा देऊन बघा, तपासायला." चमचा दिला. "यातलं मला काही नको," राक्षस म्हणाला, आणि खिडक्यांतून चार-पाच लोक त्याच्याबरोबर म्हणाले. पुढे पुढे ते वाक्य इमारतभर पसरलं. बायका भाजीवाल्याला ते ऐकवू लागल्या. कचेरीला निघताना जिन्यात लोक मला 'कसंय, बसलाय का अजून?' असं विचारायचे, जणू घरी कुणी आजारी आहे.

हे सगळं मी सोसलं. सोसवलं नाही ते पुढचं. एका संध्याकाळी मी चहासाठी वर गेलो, तर बायको स्वयंपाकघरात फोनवर होती. "भाऊजी, ह्यांचं फार अडलंय हो," ती म्हणत होती. "बादलीवर बसतात. जेवत नाहीत धड. तुम्हाला आठवतंय का काही?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी आत जाऊन म्हटलं, "ठेव तो फोन!"

"अहो, ते सांगताहेत..."

"मला ऐकायचं नाही!" आणि मी दोन्ही हातांनी कान झाकले. एका हातात चहाचा कप होता हे लक्षात यायला उशीर झाला. शर्ट, खांदा आणि फोन, तिन्हींवर चहा गेला.

"काय झालं? काय फुटलं?" समोरच्या दारातून काकांचा आवाज आला.

ती रागावली नाही. रागावली असती तर मी जास्त रागावू शकलो असतो. तिने फडक्याने माझा खांदा पुसला आणि म्हणाली, "भाऊजींनी काही सांगितलं नाही. त्यांना आठवत नाही म्हणाले. चला, मी येते खाली."

"तू?"

"का? मला काय राक्षस बघायला बंदी आहे?"

आम्ही खाली आलो. इमारतीतली निम्मी माणसं जेवायला गेली होती. वॉचमनने मला जी खुर्ची कधी दिली नव्हती ती तिला झटकून दिली. हेही मी मनात नोंदवून ठेवलं. तिने माउस हातात घेतला, थैली उघडली आणि बघत राहिली.

"ही मेणबत्ती दिलीत का त्याला?"

"नाही."

"का?"

"ती एकदाच पेटते. चेटकिणीने बजावलंय, जपून वापर म्हणून. पुढे लागेल."

"पुढे म्हणजे कुठे?"

"असेल कुठेतरी. शेवटी एखादा ड्रॅगन असेल. तेव्हा हातात काही नको का?"

ती माझ्याकडे वळली. हसत नव्हती. "अहो, लग्नातला सूट तुम्ही जपून ठेवलात, तो आता तुम्हाला होत नाही. काचेच्या बश्या जपून ठेवल्यात, त्या काढायला चांगला पाहुणा यायचाय. माझ्या वाढदिवसाला दिलेलं अत्तर मी लावलं तर म्हणालात, घरात कशाला, बाहेर जाताना लाव. आणि बाहेर जायचंही आपण जपूनच ठेवलंय."

मला सुचलेलं उत्तर 'तुझ्या भाऊजींकडे उधळपट्टी चालते' असं होतं, आणि ते तोंडातून निघण्याआधीच तिने मेणबत्ती उचलून त्या दोन डोळ्यांवर ठेवली होती. "अगं नको!" असं मी ओरडलो. वॉचमन दचकून उभा राहिला.

मेणबत्ती पेटली. आणि पहिल्यांदाच राक्षस दिसला. थोराड, टक्कल पडलेला, भुऱ्या मिशांचा, ओशाळलेला. तो डोळे चोळत उठला आणि म्हणाला (मी मराठीत सांगतो), "धन्यवाद. काळोखात मला बाहेरची वाट सापडत नव्हती." आणि मेणबत्ती घेऊन तो बोगद्यातून चालत निघून गेला. पूल मोकळा झाला.

तो पूल अडवून बसलाच नव्हता. मी इतके दिवस एका अडकलेल्या माणसाला मासे आणि चमचे देत होतो.

पुढे ड्रॅगन नव्हता. मेणबत्ती लागेल असं एकही ठिकाण आलं नाही, मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो. बायको थैलीतल्या वस्तू एकामागून एक अशा सढळ हाताने देऊन टाकत होती की माझा जीव वरखाली होत होता. पण वाटा उघडत होत्या. दरीपाशी ती अडली तेव्हा दोरीला तुटका चमचा बांधून गळ करायचं मी सुचवलं, आणि तो लागला. "हुशार आहात की," ती म्हणाली, पडद्यावरून नजर न काढता. आम्ही दोघं बादली आणि खुर्ची जवळ ओढून बसलो होतो. मग पिपाणी वाजवायची जागा तिला सापडेना, ती मी शोधून दिली. साडूंची आठवण मला त्या वेळात एकदाही आली नाही.

शेवटी मनोरा आला. टोपीवाला जिने चढून गेला, त्याने जादूगाराच्या नाकाशी मोराचं पीस फिरवलं आणि जादूगार शिंकून उठला. त्याने दाढी झटकली आणि विचारलं, "एवढ्या लांब एकटाच आलास?"

खाली दोन उत्तरं आली. 'हो' आणि 'नाही'.

"हो दाब," मी म्हटलं. "एकटाच तर आहे तो. सबंध खेळात त्याच्याबरोबर कुणी नाही."

"मग मी इथे बसून काय करतेय?" ती म्हणाली आणि तिने 'नाही' दाबलं.

संगीत वाजलं, नावं वर सरकू लागली. सगळी नावं संपेपर्यंत आम्ही उठलो नाही. वॉचमनने दोनदा खाकरून पाहिलं.

साडूंच्या घरी जेवणाला मी तो न होणारा सूट घालून गेलो. बटणं लागत नव्हती, पण जुन्या कपड्यातही रुबाब असतो. साडूंनी स्वतः रंगवलेल्या भिंती, स्वतः लावलेले दिवे, चालू घड्याळ, सगळं नेहमीसारखं जळवणारं होतं. मी विषय निघायची वाट बघत होतो. तो निघेना, म्हणून पानावर बसल्या बसल्या मीच म्हणालो, "हो, आम्ही तो टोपीवाला संपवला बरं का."

"आम्ही म्हणजे?" साडूंनी विचारलं.

"मी आणि हे," बायको म्हणाली. "वॉचमनच्या खोलीत बसून. हे बादलीवर, मी खुर्चीवर. भाऊजी, काय मजा आली म्हणून सांगू!"

"तू त्या खोलीत जाऊन बसलीस? खेळ बघायला?" ताईने विचारलं. "मला नाही बाई जमलं तसलं. हे खेळायचे तेव्हा मी दार लावून झोपायचे. त्या संगीताने माझं डोकं उठायचं."

साडूंनी घास घेतला नाही. ताटाकडे बघत ते म्हणाले, "शेवटी तो जादूगार विचारतो ना, एकटाच आलास का म्हणून. तुम्ही काय दाबलंत?"

"नाही," बायको म्हणाली.

"हो का," साडू म्हणाले. मग भात कालवत म्हणाले, "मी 'हो' दाबलं होतं."

आणि त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आधी माझ्याकडे, मग माझ्या शेजारी खेटून बसलेल्या माझ्या बायकोकडे, मग पुन्हा माझ्याकडे. ती नजर मला ओळखायला वेळ लागला नाही. वर्षानुवर्षं मी त्यांच्याकडे त्याच नजरेने बघत आलो होतो. मला त्यांची दया यायला हवी होती, आणि मी खरोखर प्रयत्न करून पाहिला. नाही आली. मी बायकोच्या पानात भात वाढला, तिला लागतो त्याहून जरा जास्त, आणि साडूंना दिसेल असा.